भेटीचा उद्देश : वडलांना भेटणे

सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसून बत्तीस वर्षं मी लोकांचे अर्ज परत केले. 'जोडपत्र नाही', 'उद्देश स्पष्ट नाही', 'सही निळ्या शाईत हवी' हे शेरे मी इतक्या वळणदार अक्षरात मारायचो की काही लोक नुसतं अक्षर बघून खूश होऊन घरी जायचे, असा निदान माझा समज आहे. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत एका सव्वीस वर्षांच्या मुलीने माझाच अर्ज 'उद्देश स्पष्ट नाही' म्हणून माझ्यापुढे परत सरकवला. खरं तर मला राग यायला नको होता. पण आला बुवा. चांगलाच आला.

झालं काय, तर आमच्या आयेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आमचं घर आचऱ्याजवळच्या एका वाडीत, दारातून समुद्र दिसतो. पण ऐंशीच्या घरातली ही बाई ऑपरेशननंतर समुद्राकडे ढुंकून बघायला तयार नाही. तिला वाचायचं. औषधाच्या पट्टीवरचं, साबणाच्या वेष्टनावरचं, कॅलेंडरच्या मागचं, जे छापलंय ते सगळं ती मोठ्याने वाचायला लागली. एका जत्रेहून मी खाजं आणलं, तर तिने खाजं ताटलीत ओतलं, बाजूला सारलं आणि पुडीचा कागद मांडीवर पसरून बसली.

"पर्शा, हडे ये. ह्यां बघ."

मी दुपारचा जरा आडवा झालो होतो. माझी बायको नम्रता या सवयीला 'लोळणं' म्हणते, मी 'विश्रांती' म्हणतो. यावर आमच्यात तीस वर्षं मतभेद आहेत. उठून गेलो. कागदावर दोन इंचांचा काळपट फोटो होता. खाली बातमी : जिल्ह्यातल्या एका गावात नवीन सार्वजनिक चित्रदालन सुरू झालं असून मुंबईच्या एका दिवंगत चित्रकाराच्या घरच्यांनी त्याचं एक मोठं चित्र दालनाला भेट दिलं आहे. 'रापण, आचरे किनारा, १९६९'. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या पहारेकऱ्याची अजून बरीच नोकरी शिल्लक आहे, त्याला उगाच त्रास नको.

"ह्या चित्रात ते आसत," आये म्हणाली.

आयेच्या तोंडी 'ते' म्हणजे एकच माणूस, माझे वडील. त्यांचं नाव मंगेश, हे मला शाळेच्या दाखल्यावरून कळलं. आयेने ते आजतागायत उच्चारलेलं नाही. मी चार वर्षांचा असताना ते तापाने गेले. मला त्यांचं काहीच आठवत नाही. घरात त्यांचा एकच फोटो होता, तो वाळवीने खाल्ला. काच आणि चौकट तेवढी ठेवली.

पण मी त्यांना ओळखत नाही असं मात्र म्हणता येणार नाही, कारण त्यांचं नाव न घेता त्यांचा दाखला आयेने मला रोज दिला. आमची रापण बारा घरांची. होडीने समुद्रात जाळ्याचा फेर टाकायचा आणि किनाऱ्यावरून दोर धरून सगळ्यांनी ते ओढून आणायचं. दोराला कोणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं. "दोराक पयलो हात तुझ्या बापाशीचो असायचो," आये सांगायची, "आणि तू बघ, दुपारचो लोळतस." शाळेत असताना ऐकलं, नोकरीत असताना रविवारी ऐकलं, निवृत्त झाल्यावर रोज ऐकतो. नम्रतानेही ते वाक्य पाठ करून घेतलंय.

"एक पेंटर इल्लो मुंबयचो," आये म्हणाली. "महिनोभर ऱ्हवलो. ते घराक येवन सांगत होते, माका चित्रात घातल्यान हा म्हणान. मगे तो चित्र घेवन गेलो. आणि दुसऱ्या पावसात ते..." ती थांबली. कागदावरचा तो काळा ठिपका तिने नवीन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. "पर्शा, माका आता तेंचा तोंड आठवणा नाय रे. कपाळ आठवता, नाक आठवता. सगळा मिळान एकदम आठवणा नाय. मराच्या आधी एकदा बघूचा आसा."

 म्हटलं, आये, उद्याच जाऊया. रिक्षा करू, तू, मी आणि नम्रता. तासाभराचा रस्ता. चित्र बघायचं, कुठेतरी चहा प्यायचा, जेवायला घरी.

इथवर योजना साधी होती. ती बिघडली ती शेजारचे काशीरामदादा तोडणकर कुंपणापाशी दात घासत उभे होते म्हणून. काशीरामदादा रापण संघाचे अध्यक्ष. वाडीत काहीही करायचं तर त्यांना विचारावं लागतं आणि न विचारता केलं तर त्यांनी आधीच सांगितलेलं असतं. त्यांनी कागद मागून घेतला, हात लांब करून बघितला आणि म्हणाले, "हो पयलो म्हणजे माझो बापूस."

"पहिले आमचे," मी म्हणालो.

"खंयसून? पाठ बघ. ही तोडणकरांची पाठ."

दोन इंचांच्या फोटोत माणसं तांदळाच्या दाण्याएवढी. तोंडं कुणाचीच दिसत नव्हती, सगळे पाठमोरे. पण मी बत्तीस वर्षं फाइली बघितलेला माणूस, ऐकून थोडाच घेणार? मी आवाज चढवला, दादांनी चढवला, आणि आमचे आवाज ऐकून बाकीची घरं आली. संध्याकाळपर्यंत तो खाज्याचा तेलकट कागद बाराही घरांत फिरला आणि प्रत्येक घराने पहिला माणूस आपलाच असल्याचा निर्वाळा दिला. एका घराचे आजोबा तर तेव्हा जहाजावर नोकरीला होते. तरी पहिले तेच.

"आता हेचो निकाल थंय जावनच," काशीरामदादांनी जाहीर केलं. "सगळे जावया. रिक्षा कित्याक? माझो टेम्पो आसा."

तो टेम्पो मासळीचा. दादा म्हणाले, धुऊन घेतो. धुतलाही. वाडीतल्या मांजरांना मात्र तो धुतला आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

वार दादांनीच ठरवला : सोमवार. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. सोमवारी अर्धा जिल्हा मासे खात नाही, बाजार थंड असतो, त्यामुळे सगळी घरं मोकळी. देवळात नारळ ठेवून, देवाला सांगून आम्ही तेवीस माणसं निघालो. आये पुढे, ड्रायव्हरशेजारी, लग्नातल्या पातळात. ते पातळ मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होतो. पहिल्यांदा ट्रंकेत बघितलं होतं.

चित्रदालनाला कुलूप. दारावर पाटी : 'साप्ताहिक सुट्टी : सोमवार'.

तेवीस माणसं एकाच पाटीकडे बघत उभी होती. मग ती सगळी माझ्याकडे बघायला लागली. वार दादांनी ठरवला, पण मी सरकारी माणूस, सुट्ट्या मला माहीत असायला हव्या होत्या, असा एकंदर सूर. "बत्तीस वर्षां ह्येनी केल्यान काय?" असं कुणीतरी मागून म्हणालंदेखील. कोण ते मला माहीत आहे.  घरी आल्यावर आयेने पातळ घडी करून उशाशी ठेवलं, ट्रंकेत नाही. तेवढ्यावरून मी काय ते समजलो.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच बसने चौकशीला गेलो. म्हटलं, या वेळी सगळं नियमाने. दारात पहारेकरी होता, दत्तप्रसाद. गणवेश कडक, मिशी कडक, आणि बोलणं असं शुद्ध की आकाशवाणीवर शोभावं. "आपण आपली छत्री येथे ठेवावी. आत शांतता राखावी." मी काहीही बोललो नव्हतो, तरी राखावी.

आत टेबलामागे संचिता मॅडम. मॅडम म्हणायचं म्हणून, नाहीतर माझ्या मुलीपेक्षा लहान. तेवीस माणसं येणार म्हटल्यावर तिने ड्रॉवरमधून फॉर्म काढला. दहापेक्षा जास्त माणसं असली की गटभेटीचा अर्ज लागतो. मी मनातून खूश झालो. फॉर्म म्हणजे माझं मैदान. संस्थेचे नाव : बारा घरांची रापण. गटप्रमुख : परशुराम मंगेश खवणेकर. सहल, शैक्षणिक की इतर : इतर. भेटीचा उद्देश : इथे मी जरा थांबलो, आणि खरं तेच लिहिलं. वडलांना भेटणे.

संचिता मॅडमने वाचलं. "तुमचे वडील इथे कामाला आहेत का?"

"नाही. भिंतीवर आहेत."

"म्हणजे त्यांची चित्रं आहेत? ते चित्रकार?"

"नाही हो. ते रापणीचे. ते चित्रात आहेत."

तिने अर्ज माझ्याकडे सरकवला. "उद्देश स्पष्ट नाही, काका. वर साहेबांकडे पाठवायचा असतो ना, त्यांना कळलं पाहिजे. 'कलास्वाद' असं लिहा." आणि मग वर : "सही निळ्या पेनाने करा हं."

माझ्या खिशात काळं पेन होतं. बत्तीस वर्षांत ज्यांना ज्यांना मी या कारणावरून परत पाठवलं ते सगळे त्या क्षणी मला दालनाच्या भिंतींवर ओळीने दिसले. संचिता मॅडमने स्वतःचं निळं पेन पुढे केलं. हे मला कधी सुचलं नव्हतं, हे कबूल करतो. मी 'वडलांना भेटणे' खोडलं नाही, त्यापुढे 'व कलास्वाद' असं लिहिलं आणि सही केली. चित्र बघू का, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. दोन खोल्यांपलीकडे तर होतं. पण आयेच्या आधी आपण बघावं हे मनाला पटेना, म्हणून तसाच निघालो.

परवानगी शुक्रवारची मिळाली. आता शुक्रवार म्हणजे माशांचा वार. सोमवारी जे भाकरी-भाजी घेऊन निघाले होते त्यांनी या खेपेला डबे भरून बांगडे घेतले. आयेने पहाटे उठून बांगड्यांचं तिखलं केलं आणि वेगळ्या डब्यात भरलं. "तेंका आवडायचा," एवढंच म्हणाली. शिवाय प्रत्येक घराने आपापल्या माणसासाठी हार आणला होता, म्हणजे बारा हार. नारळ पाच. काशीरामदादांनी एक घडीची शिडीही घेतली होती, हार उंचावर घालावा लागला तर म्हणून.

दत्तप्रसादने टेम्पो बघितला आणि दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला.

"हार आत नेता येणार नाहीत. नारळ नेता येणार नाहीत. डबे नेता येणार नाहीत. ही... ही शिडी कशासाठी?"

"आमच्या बापाशीक हार घालूचो आसा," दादा म्हणाले.

"हे देऊळ नाही. हे कलादालन आहे."

"बापूस तुमच्याकडे आसा मां? मगे?"

यावर नियमावलीत उत्तर नसावं. दत्तप्रसादने माझ्याकडे बघितलं, कारण अर्जावर गटप्रमुख मी. मी दादांना बाजूला घेतलं, दादांनी मला बाजूला घेतलं, पंधरा मिनिटं आम्ही एकमेकांना बाजूला घेत होतो. शेवटी तह झाला : शिडी टेम्पोत, हार आणि डबे दारातल्या बाकावर दत्तप्रसादच्या ताब्यात, नारळ हातात ठेवायला हरकत नाही पण फोडायचा नाही. बांगड्यांच्या वासाने दोन मांजरं तेवढ्यात बाकाखाली हजर झाली होती. दत्तप्रसाद पुढचा तासभर एक डोळा आमच्यावर आणि एक डोळा मांजरांवर ठेवून होता, आणि त्याच्या जागी मी असतो तर रजेचा अर्ज टाकला असता.

आत जाताना बाकी चित्रं कोणी बघितली असतील तर शपथ. कलास्वाद राहूनच गेला. डोंगर, फळं, कुठल्याशा राणीसाहेब, सगळ्यांना मागे टाकत आमची माणसं तिसऱ्या खोलीत घुसली आणि एकदम थांबली.

चित्र भिंतभर होतं. दोन इंचांचा फोटो बघून कल्पना येणं शक्यच नव्हतं. सकाळचं ऊन, ओली वाळू, आणि दोराला ओणवी झालेली माणसं, पाठीवर घाम अगदी चकाकताना दिसत होता. समुद्र तर असा आमचाच की एका म्हातारबाबांनी सवयीने पाण्याकडे बघून, वारा खंयचो ते सांगितलं.

आणि मग भांडण सुरू झालं. पहिला कुणाचा, दुसरा कुणाचा. 'शांतता राखा' या पाटीखालीच काशीरामदादांनी छातीवर हात आपटून आपला बापूस जाहीर केला. मी परशुराम मंगेश खवणेकर, वय एकोणसाठ, निवृत्त वरिष्ठ सहायक, मीही तिथे "नाही, आमचे!" असं ओरडलो, हे सांगायला आता लाज वाटते. दत्तप्रसाद तीनदा येऊन ओठांवर बोट ठेवून गेला. चौथ्यांदा तो नुसताच आला आणि उभा राहिला.

"गप ऱ्हवा बघूया," आये म्हणाली.

ती पुढे झाली. नम्रताने तिचा हात धरला होता. "तुमका काय ठावक? तुम्ही पोरा होत्यात. आम्ही बायका टोपल्यो घेवन फाटसून उभ्यो असायचो, मासळीची वाट बघीत. जल्मभर ह्योच पाठी बघलंव. माका इचारा."

आणि तिने शेवटून सुरुवात केली. हा पिंपळाकडचा, डावा खांदा उतरता. हा त्याचा भाऊ. हा तांडेल, होडीचा म्होरक्या, याच्या कंबरेला लाल करगोटा असायचा, हा बघ. एकेक पाठ सांगत ती पुढे सरकत होती आणि ज्याचं त्याचं घर आपापल्या पाठीसमोर जाऊन उभं राहत होतं. कुणी काचेला बोट लावत होतं, कुणी नुसतंच बघत होतं. जहाजावरचे आजोबा नव्हते. त्यांच्या जागी त्यांचा धाकटा भाऊ निघाला, तेवढ्यावर ते घर समाधान पावलं. आवाज आपोआप कमी झाले.

दहा झाले. राहिला पहिला.  पंचावन्न वर्षांनी वडील भेटणार, पाठमोरे का होईना.

आये पहिल्या माणसापुढे उभी राहिली.  मग म्हणाली, "काशी, हो तुझो बापूस."

दादांच्या तोंडावर जो आनंद दिसला तो मी जन्मात विसरणार नाही, कारण तो मला आवडला नव्हता.

"मगे आमचे?" मी विचारलं. 

आयेने पुन्हा मोजलं. अकरा. घरं बारा आणि माणसं अकरा. ती परत शेवटाकडे गेली, परत आली. नम्रताने माझ्याकडे बघितलं.  काशीरामदादा नारळ या हातातून त्या हातात घेत उभे. पेंटरने माणसाला 'तुला चित्रात घातलंय' असं सांगितलं आणि घातलंच नसेल तर? मी आयेच्या अंगावरच्या त्या लग्नातल्या पातळाकडे बघत राहिलो.

आणि आये हसली. आधी मला वाटलं रडतेय. पण नाही, हसत होती, पदर तोंडाला लावून, पोरीसारखी.

"अगो बाय माझ्या," ती म्हणाली, "हे बघ खंय आसत!"

चित्राच्या डाव्या कोपऱ्यात होडी ओढून ठेवलेली. होडीच्या सावलीत, वाळूत, एक माणूस उताणा पडलेला. डोक्याखाली हात, तोंड जरासं उघडं. अकरा माणसं जीव खाऊन दोर ओढताहेत आणि हे गृहस्थ गाढ झोपले आहेत.

"झोपलो मरे!" काशीरामदादा ओरडले. "पयलो हात, पयलो हात म्हणान पन्नास वर्षां आमका आयकवल्यास, आणि हो झोपलो!"

सगळी खोली हसली. नम्रता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "म्हणजे घराण्यातच आहे तर."  ज्या माणसाच्या दाखल्यावर मी आयुष्यभर दुपारी अपराधी मनाने झोपलो, तो भर सकाळी झोपलेला होता, आणि तोही सार्वजनिक चित्रदालनात, कायमचा.

"हसा नको," आये म्हणाली. "तो पयलो हात तेंचोच. काशी, तुझो बापूस त्या दिवशी आमच्या जाग्यार उभो ऱ्हवलो. आता आठावला माका. ते रातभर जागे होते. ह्येका गोवर इल्लो." तिने माझ्याकडे बोट केलं. तेवीसातली बावीस माणसं माझ्याकडे वळून अशा नजरेने बघू लागली की जणू मी आत्ताच गळा काढला होता. "रातभर ह्यो रडत होतो आणि ते ह्येका खांद्यार घेवन खळ्यात फिरत होते. सकाळी दोराकडे गेले तर उभ्या उभ्या डुलकी लागाक लागली. तुझ्या बापाशीन तेंच्या हातातलो दोर काढून घेतल्यान. म्हणालो, जा, आडवो हो, मी धरतंय. आणि मासळीचे वाटे तरी बाराच केल्यानी. आमची टोपली घराक इली."

काशीरामदादा पुन्हा चित्राकडे वळले. त्यांच्या वडलांची पाठ ते आता वेगळ्याच तऱ्हेने बघत होते. "माका ह्यां कोणी सांगूक नाय," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. मीही काढायला सांगितलं नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं. अकरा घरांना पाठी मिळाल्या होत्या. तोंड फक्त एकाच माणसाचं होतं. पेंटरने ते अगदी निगुतीने काढलं होतं : कपाळ, नाक, गालावरची वाळू, सगळं. नाक माझं होतं. मी नाकाला हात लावून बघितला. 

आये खाली वाकून बघत होती.  "व्हय," ती स्वतःशीच म्हणाली. "अशेच होते."

आता आमच्याकडे असल्या वेळी गाऱ्हाणं घातल्याशिवाय माणूस निघत नाही. एकाने देवाला आणि पूर्वजांना साद घालायची आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला गजर करायचा. काशीरामदादांनी नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि रापणीवर हाळी द्यायच्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजाऽऽ! बारा घरांच्या पूर्वजांनूऽऽ!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" बावीस गळे. काचा थरथरल्या. कुठूनशी संचिता मॅडम धावत आली. दत्तप्रसाद दारात डोकं धरून उभा राहिला, त्याच्या पायांमधून एक मांजर आत आलं, त्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं.

आयेने झटकन मान वळवली.

"हळू रे, काशी," ती म्हणाली. "जागे होतले ते."

काशीरामदादांनी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. पण त्यांनी डोळे उघडले, होडीच्या सावलीकडे बघितलं आणि पुढचं सगळं गाऱ्हाणं कुजबुजत घातलं. पोराबाळांक सुखी ठेव. व्हय म्हाराजा, आम्ही कुजबुजलो. जाळ्याक मासळी दी. व्हय म्हाराजा. डोळे आसत तवसर एकमेकांक बघूक दी. व्हय म्हाराजा. तेवीस माणसं एकमेकांच्या कानात बोलल्यासारखी बोलत होती, आणि संचिता मॅडमचे ओठ हललेले मी स्वतः बघितले.

बाहेर पडताना सगळ्यांनी वहाणा हातात घेतल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. आये म्हणाली, "तुमी जावा फुडे. मी वायच बसतंय." दत्तप्रसादने आपली खुर्ची उचलून, पाय न वाजवता, चित्रासमोर आणून ठेवली. मग त्याने बाकावरून तिखल्याचा डबा आणला आणि, नियम मोडतोय हे कुणाला कळू नये अशा बेताने, आयेच्या मांडीवर दिला. तिने झाकण उघडलं नाही. नुसता धरून बसली.

आम्ही पायरीवर बसून जेवलो. मांजरंही जेवली. दादांनी स्वतःच्या डब्यातला मोठा बांगडा माझ्या पानात टाकला आणि वर म्हणाले, "जेव आणि झोप वायच टेम्पोत. मी उठयतंय." नम्रता काही म्हणाली नाही.

एवढ्यात फाटकातून शाळेची सहल शिरली. चाळीस मुलं, शिट्ट्या, दंगा, बाईंचं कुणी ऐकत नाही. ती दारावर धडकली तसा दत्तप्रसाद दोन्ही हात पसरून पुढे झाला. मला वाटलं, आता आकाशवाणी सुरू होणार. पण तो खाली वाकला, ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला,

"हळू रे पोरांनू. आत माणूस निजलो आसा."